गच्चीवरची शेवंड

जयपूरच्या बाल्कनीत आज शेवंड भाजताना लोण्याचा थेंब निखाऱ्यावर पडला आणि त्या गोडसर, खारट धुरातून आमच्या जुन्या भाड्याच्या घराची गच्ची हळूहळू वर आली.

मामाने मालवणहून बर्फात शेवंडीच्या शेपट्या आणल्या होत्या. मासळी शिजली तर घर सोडायचं, ही मालकीणबाईंची अट होती. म्हणून आई वर गच्चीत, बाटीच्या शेगडीवर त्या भाजत होती. कवच लाल होत होतं. तेवढ्यात जिन्यात पैंजण वाजले.

“भाभीजी, क्या सेंक रही हो?”

“भुट्टे, माँजी!” आई घाईने म्हणाली.

पैंजण थांबले. “छिलके दूर फेंक आना. कुत्ते आ जाते हैं.”

त्या तिथूनच खाली उतरल्या. म्हातारी फसली म्हणून आम्ही तोंड दाबून हसलो.

कणसाच्या सालींसाठी कुत्री येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.