पाहुणीला मराठी येतं

तिवारीभाभींचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. "दीदी, आप लोग जल्दी आ जाओ," एवढंच त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्या वन्संच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि गप्प राहणं हा काही त्यांचा स्वभाव नाही, त्यामुळे मला कळायचं ते कळलं. मग जरा वेळाने म्हणाल्या, "और वो बिल्ली पलंग के नीचे है, निकल ही नहीं रही." ह्यांनी लगेच गाडी काढली आणि आम्ही अवधपुरीला वन्संच्या घरी पोचलो. वन्सं झोपेतच गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यातही वन्संच दिसल्या... कुणाला निरोप नाही, कुणासाठी खोळंबणं नाही, आपलं आवरलं की निघायचं. मी त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. पलंगाखाली अगदी भिंतीच्या कोपऱ्यात दोन डोळे चमकत होते.

सुमनवन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले तेव्हा त्यांना चेष्टेने 'वन्सं' म्हटलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना ते आवडलं आणि मग तेच नाव कायम झालं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शेवटपर्यंत सांभाळलं. बाई हुशार, प्रामाणिक, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारी. पण धीर म्हणून नाही. कुकरची वाफ जिरेपर्यंत थांबणं त्यांना जमायचं नाही. चमच्याने शिट्टी वर धरून त्या स्वयंपाकघरभर डाळीचा फवारा उडवायच्या. बेल एकदा वाजवली की दार उघडायच्या आत दुसऱ्यांदा वाजवायच्या. माझं एकही वाक्य त्यांनी मला कधी पुरं करू दिलं नाही. मी "काल बिट्टन मार्केटला..." एवढं म्हणायचा अवकाश, "महाग झालं ना सगळं? होणारच!" असं म्हणून त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. खरं म्हणजे मला तिथे भेटलेल्या एका मैत्रिणीबद्दल सांगायचं असायचं.

आणखी एक गोष्ट, मराठी. बाहेर त्या फर्डं हिंदी बोलायच्या, पण उंबऱ्याच्या आत मराठीच, आणि तेही शुद्ध. आमचं भोपाळचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच. "मी फोन लगावते" असं मी म्हणाले की पलीकडून लगेच यायचं, "लगावते नाही गं, लावते." आमच्या मुलीने एकदा "आत्या, मी बोर झाले" म्हटलं तर तिला आधी कंटाळ्याचे सगळे मराठी शब्द ऐकावे लागले आणि मग लाडू मिळाला.

सासूबाई गेल्यावर घर रिकामं झालं. त्यांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या कपाटात पडून होत्या. आनंद नगरच्या पुढे नफीसा आपांनी आपल्या घरामागच्या अंगणात सोडून दिलेल्या मांजरांसाठी निवारा काढला आहे, तिथे गोधड्या चालतील असं कुणीतरी सांगितलं आणि वन्सं त्या द्यायला गेल्या. मीही बरोबर होते. पाच मिनिटांत परतायचं होतं. पण शेवटच्या पिंजऱ्यात एक राखाडी मांजर भिंतीकडे तोंड करून बसलेली होती, तिच्यापाशी वन्सं थबकल्या. इतर मांजरं जाळीला अंग घासत होती, ही मात्र श्वाससुद्धा चोरून घेत होती. आपांनी सांगितलं, दोन घरांतून परत आली आहे. एका घरात मुलांचा फार गलका होता, दुसऱ्या घरात तिला कपड्यांच्या मशिनमागून ओढून बाहेर काढलं, प्रेमानेच, पण ओढून. तेव्हापासून माणसाचा हात दिसला की ती थरथरते. "इसको बड़ा घर नहीं चाहिए, आंटी. सब्र वाला आदमी चाहिए."

"मग मी नेते," वन्सं म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना. आपांनाही त्या पाच मिनिटांत वन्संची नाडी सापडली असावी. अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या, "माफ़ करना आंटी, आप तो बहुत जल्दी में रहती हो." वन्संना असं तोंडावर कुणी नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. परतीच्या रस्त्यावर त्यांनी गोधड्यांची रिकामी पिशवी दोनदा घडी करून उलगडली. मग म्हणाल्या, "मी काय घाईत असते गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "नाही, असतेच म्हणा."

पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या. या वेळी आपांनी अट घातली: पिंजऱ्याशेजारी येऊन नुसतं बसायचं, बोलायचं नाही, बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नुसतं बसणं वन्संना कसं जमणार? पहिल्या दिवशी त्या चुळबुळ करून उठून आल्या. दुसऱ्या वेळी जाताना त्यांनी पिशवीत मेथीची जुडी नेली. तिथे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या मेथी निवडत बसल्या. हाताला काम मिळालं की वन्संचं तोंडही थांबतं, हे आम्हा घरच्यांना इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं! मग हे नेहमीचंच झालं. कधी मेथी, कधी गवार, कधी मटार. आमच्याही घरची भाजी त्या निवडून आणायच्या, आणि ह्यांनी एकदा पराठ्यात मांजराचा केस सापडल्याची तक्रार केली तेव्हा त्यांनाच ऐकावं लागलं. एक दिवस वन्संचा फोन आला. आवाज अगदी हळू. "अरुणा, आज तिने तोंड इकडे केलं." पुढे काही नाही. वन्संच्या फोनवर शांतता मी तेव्हा प्रथम ऐकली.

हिवाळा सरता सरता आपांनी मांजर त्यांच्या हवाली केली. ती घरात आली आणि थेट फ्रिजमागे गेली ती दिवसभर दिसेचना. वन्सं जन्मभर सगळ्यांना नावं ठेवत आल्या, हिला मात्र त्यांना नाव ठेवता येईना. "आधी तोंड तर दिसू दे," म्हणायच्या. रोज फोनवर मी विचारायची, "पाहुणी जेवली का?" आणि तेच नाव राहिलं. पाहुणी वन्सं झोपल्यावर जेवायची. एकदा ह्यांनी टॉर्च घेऊन फ्रिजमागे डोकावून पाहिलं, तर वन्संनी सख्ख्या भावाला दार दाखवलं. "तुला कुणी अंथरुणात टॉर्च मारून बघितलं तर चालेल का रे?" ह्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

आणि एक दिवस ती बातमी आली, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. "अरुणा, पाहुणीला मराठी येतं!" मी म्हटलं, "वन्सं, बरं वाटतंय ना?" त्या म्हणाल्या, "चेष्टा नको. मी 'बस' म्हटलं की बसते." मी दुसऱ्याच दिवशी गेले. वन्संनी जमिनीवर बसकण मारली, पुढ्यात मेथी. पाहुणी फ्रिज आणि भिंतीच्या फटीत, कान मागे पाडून, अंग आखडून. वन्सं नेहमीच्या हुकमी सुरात म्हणाल्या, "बस." आणि खरोखर, तिचे कान हळूहळू सरळ झाले, पाठ सैल पडली, डोळे अर्धे मिटले. "बघितलंस?" वन्संच्या चेहऱ्यावर असा अभिमान, की पोरीचा बोर्डात नंबर आलाय! ती आधीपासून बसलेलीच होती हे मी कशाला सांगू?

काही महिन्यांनी नफीसा आपा मांजराची खुशाली बघायला आल्या. मीही होते. वन्संनी मोठ्या थाटात प्रयोग करून दाखवला. आपा आधी खूप हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. "आंटी, इसको मराठी कहां से आएगी! हमारे यहां दवाई डालते हैं, सुई लगाते हैं, तो हाथ हटाते वक़्त बोलते हैं... बस, बस, बस. मतलब हो गया. अब कोई हाथ नहीं लगाएगा."

तसं 'बस झालं' आपण मराठीतही म्हणतोच, पण वन्संच्या तोंडी 'बस' म्हणजे फक्त हुकूम. मला वाटलं आता त्या खट्टू होतील. त्या फ्रिजकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस ती माझं ऐकत नव्हती. मीच तिला शब्द देत होते." आणि मग, "बरं झालं, चुकूनही मोडला नाही."

त्यानंतर त्यांनी तो शब्द जाणून पाळला. एकदा 'बस' म्हटलं की हात मांडीवर, मग पाहुणी कितीही जवळ आली तरी. ती एक दिवस आपणहून त्यांच्या पायाशी येऊन झोपली तेव्हा वन्संच्या पायाला मुंग्या आल्या, दारात दूधवाला बेल वाजवत राहिला, पण बाई हलल्या नाहीत. आणि हळूहळू ते आमच्यापर्यंतही आलं. बोलता बोलता त्या माझं वाक्य तोडायच्या, मग स्वतःलाच "बस" म्हणायच्या आणि म्हणायच्या, "हं, तू सांग." पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला काय सांगायचं होतं तेच मी विसरले.

तेरावं झालं, नातेवाईक पांगले. पाहुणी पलंगाखालून निघेना. आपल्याकडे न्यावं तर पुन्हा ओढून काढणं आलं. ह्यांचं म्हणणं, आपांकडे परत देऊ, त्या दुसरं घर बघतील. म्हणजे तिसरं परतणं. मी आपांना फोन केला, त्या आल्या, पलंगाजवळ न जाता दारातच बसल्या. म्हणाल्या, इस बार लौटी तो शायद फिर किसी पर भरोसा नहीं करेगी. मी म्हटलं, मग सब्रवाला माणूस आणायचा कुठून? आपांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "आंटी ने आपको बताया नहीं? मैं सबसे पूछती हूं, आपको कुछ हो गया तो इसको कौन देखेगा. आंटी ने एक मिनट नहीं सोचा. बोलीं, मेरी भावजै है. जिसने मुझे झेल लिया, वो इसको भी झेल लेगी."

'भावजय' हा शब्द आपांनी वन्संकडूनच उचलला असणार. उभ्या आयुष्यात वन्संनी माझं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. माझ्या पुरणपोळीला "बरी झालीय" याच्या वर त्या कधी गेल्या नाहीत. त्या गेल्या त्या दिवशी माणसांच्या उठबशीत मला रडायला सवडच झाली नव्हती. मी आपांच्या शेजारी, दारातच, पोटभर रडले. पलंगाखाली काही हालचाल झाली नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी अवधपुरीला येते. ह्यांनी एकदाच विचारलं, किती दिवस चालणार हे. मी म्हटलं, तिला विचारून सांगते. वन्संच्या खोलीत त्यांची चटई अजून पलंगाशेजारी आहे, उशाला त्यांचा चष्मा आहे, मी काही हलवलेलं नाही. बशीत खाणं ठेवते आणि चटईवर बसून मेथी निवडते. आताशा माझ्याकडे शेजाऱ्यांच्याही भाज्या येतात. पहिले काही दिवस खाणं मी गेल्यावरच संपायचं. परवा मी इथे असतानाच पलंगाखालून चाटण्याचा आवाज आला, आणि मी हातातली काडी तशीच धरून बसून राहिले.

आज मेथी संपली, म्हणून चटईवर बसूनच हा लेख लिहायला घेतला. वन्संबद्दल सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे. त्यांचं ऑफिस, सासूबाईंचं आजारपण, त्यांनी मला स्कूटर शिकवताना केलेली आरडाओरड... यावेळी मध्ये तोडायला कुणी नाही, तेव्हा सगळं सावकाश सांगायचं ठरवलं होतं. पण आत्ता पलंगाखालून एक राखाडी पाय बाहेर आला आहे. मग दुसरा. ती चटईच्या कडेशी उभी आहे आणि माझ्या पेनाकडे, पेन धरलेल्या हाताकडे बघते आहे. कान मागे गेले आहेत. तेव्हा हात मांडीवर ठेवायला हवा. वन्सं, बाकीचं राहू दे. बस.