ओलेटाचे पंचेचाळीस दिवस

"भीतीला बसायला खुर्ची देऊ नये, ती जेवायलाही थांबते," असं ओलेटा गॅस्किन्स नेहमी म्हणायची. खेकडे सोलायच्या कारखान्यात, लांब पत्र्याच्या टेबलाशी बसून, चाळीस वर्षं ती हे म्हणत आली. वादळाची बातमी येवो, कुणाचा नवरा होडी घेऊन वेळेत न परतो, ओलेटा मान वर न करता एवढं वाक्य टाकायची आणि आखूड सुरीने पुढच्या खेकड्याची पाठ उघडायची.

त्या ऑक्टोबरात मात्र भीती तिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसली.

लॅनी पर्डी तुरुंगातून सुटणार होता. हा तिचा एके काळचा जावई. त्याने तिच्या लेकीचा, जुनेलचा, जबडा मोडला होता आणि कोर्टात ते सांगायला ओलेटाच उभी राहिली होती. जुनेल आता दूरच्या राज्यात वेगळ्या आडनावाने राहत होती. तिचा पत्ता गावात एकट्या आईलाच ठाऊक होता. कोर्टातून नेताना लॅनी क्षणभर थांबला होता आणि जवळजवळ मायेने म्हणाला होता, "आधी तुझ्याकडेच येईन, मम्मा. पत्ता तूच सांगशील." सुटकेची तारीख बावीस नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला सोमवार.

घरात वडिलांचं पिस्तूल होतं आणि ते चालवायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. आमच्या खाडीकाठी पिस्तूल उघडं कमरेला लावलं तर कुणी अडवत नाही. पण त्यावर कोट ओढला की तो गुन्हा. झाकून बाळगायला शेरीफच्या, म्हणजे आमच्या पोलिसप्रमुखाच्या, कचेरीचा परवाना लागतो. ओलेटाला ते झाकूनच हवं होतं. उघडं लावायचं म्हणजे आपली भीती कमरेला टांगून गावभर हिंडायचं, आणि ते तिला मरणाहून जड वाटत होतं.

तिने परवान्यासाठी लागणारा शनिवारचा आठ तासांचा वर्ग केला, निशाण्यावर गोळ्या मारून दाखवल्या आणि चार ऑक्टोबरला कचेरीत अर्ज घेऊन गेली. खिडकीशी मिस वर्डी होती, गोल चेहऱ्याची, चष्मा दोरीला अडकवलेली.

"पंचेचाळीस दिवस धरा, मिस ओलेटा," ती म्हणाली.

ओलेटाने मनात मोजलं. अठरा नोव्हेंबर. चार दिवस हातात राहत होते. वर्डीने तिच्या बोटांचे ठसे घेतले आणि ओलेटा घरी आली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक चौकोन खोडू लागली.

ऑक्टोबर संपता संपता कचेरीतून फोन आला. ठसे वाचता येत नव्हते. ओलेटा तडक कचेरीत गेली.

"असे कसे वाचता येत नाहीत? बोटं माझीच आहेत ना?"

"बोटं आहेत हो, त्यांच्यावर रेघा नाहीत," वर्डी तिला समोर बसवून म्हणाली. "खेकड्याच्या कवचाने झिजल्यात सगळ्या. आणि येण्याआधी हात कशाने घासलेत?"

"लिंबू आणि मीठ. सरकारी कचेरीत काय खेकड्याचा वास घेऊन यायचं?"

वर्डीने कपाळाला हात लावला. "अहो, वास चालला असता शेरीफला! उरल्यासुरल्या रेघा लिंबाने धुऊन आलात तुम्ही. आता दहा दिवस खेकड्याला शिवू नका. व्हॅसलीन लावा, सुती हातमोजे घाला, मग या."

"आणि दिवस?"

वर्डीने चष्मा काढून पुसला. "नव्या ठशांपासून नव्याने मोजायचे."

ते दहा दिवस ओलेटाला जन्मभर पुरतील असे होते. हंगामाचे शेवटचे खेकडे टोपल्या भरून येत होते आणि ती स्वयंपाकघरात पांढरे हातमोजे घालून, हात मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसायची. फांदी पत्र्यावर घासली तरी उठून खिडकीशी जायची. कामावरची मैत्रीण हेस्टर भाकरी घेऊन आली आणि मोजे बघून हसली. "काय गं, गव्हर्नरशी लग्न ठरलं का तुझं?"

"ठरलं. तुला फुलं धरायला बोलावते."

हेस्टर हसत गेली, आणि ओलेटाने दाराची कडी तीनदा तपासली.

नऊ तारखेला ठसे उमटले. अस्पष्ट, पण उमटले. पंचेचाळीस दिवस पुन्हा मोजले तर चोवीस डिसेंबर येत होता. लॅनीच्या सुटकेनंतर महिनाभर ती परवान्याविना.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी ती रताळी आणायला दुकानात गेली. पिस्तूल गाडीच्या सीटवर ठेवलं होतं, काचेतून दिसेल असं, कारण सीटखाली सरकवलं तर तेही झाकलेलंच. बाहेर आली तर तिच्या गाडीला टेकून लॅनी उभा. अंगाने भरला होता, केस बारीक कापलेले.

"मम्मा," तो म्हणाला. "वाळलीस गं तू."

ओलेटाच्या हातातली पिशवी एकाएकी दगडांची झाली, तिने ती खाली ठेवली.

"तुझ्या डॅडींचं ना ते?" त्याने काचेतून आत पाहिलं. "एकटंच बसलंय बिचारं. आणि दार उघडंच ठेवलंस." त्याने एका बोटाने दार ओढलं. आमच्याकडे गाड्यांना कुलूप घालत नाहीत. ओलेटाने जन्मात घातलं नव्हतं. दार करकरत उघडलं. पिस्तुलापासून त्याचा हात वीतभर लांब होता.

लॅनीने हात खिशात घातले आणि हसला. "घाबरू नकोस. मी सुटलेला कैदी, पिस्तुलाला शिवलो तर परत आत. तू झाकलंस तर तू आत. आहे की नाही गंमत?" मग तो जवळ आला, साबणाचा वास येईल इतका. "नाताळपर्यंत थांबायचंय म्हणे तुला. कचेरीच्या रांगेतलं सगळं गावाला कळतं, मम्मा. मला घाई नाही. रोज भेटू आपण. एक दिवस पत्ता आपोआप येईल तुझ्या ओठांवर."

तो शीळ घालत गेला. ओलेटा गाडीत बसली, दार आतून लावून घेतलं आणि निघाली. घरी पोचल्यावर तिला कळलं, रताळी तिथेच राहिली होती. आणि अजून एक गोष्ट कळली. जे दिवस ती भीत भीत खोडत होती, तेच लॅनी चवीने मोजत होता. परवाना येईपर्यंतचा प्रत्येक दिवस तिने त्याला आयता दिला होता.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, ती टर्की न भाजता बसून राहिली. जुनेलचा फोन आला. "मम्मा, सगळं ठीक ना?" "ठीक," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर ओट्याला धरून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी वारा खाडीवरून सुरीसारखा येत होता. ओलेटाने जाड कोट घातला, गुंड्या लावल्या, आणि वडिलांचा चामडी पट्टा म्यानासकट कोटावरून बांधला. पिस्तूल उघड्यावर, उजव्या कमरेला. आरशात तिने पाहिलं नाही, कॅलेंडरवरचा चौकोनही खोडला नाही.

कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडे होड्या उतरवायच्या जागी लॅनीची पिकअप उभी होती, इंजिन चालू. ओलेटा गाडीतून उतरली. दारापर्यंतची साठ पावलं तिने याआधी कधी मोजली नव्हती.

आत खिडकीशी बायका सुऱ्या हातात धरून गोळा झाल्या.

"अगं, पिस्तूल लावून आलीय!" एकजण पुटपुटली. "ओलेटा! थरथरतेय बघा कशी."

"मग?" हेस्टर म्हणाली. "तो बघ कोण बसलाय तिकडे. माझेही हात थरथरतायत. दार उघडा आधी."

कुणीतरी दार उघडून धरलं. ओलेटा डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता चालत राहिली. कोटाच्या बाह्यांत तिचे हात कापत होते, ते साऱ्यांना दिसत होतं. खिडकीतून सात बायका तिच्याकडे बघत होत्या. आणि रस्त्यापलीकडून, खाली केलेल्या काचेमागून, लॅनी.