पदरात बांधलेला तुकडा

रविवारी मंडळीत, म्हंजी आमच्या चर्चमदी, दारात उभं राहायचं काम माझं. आमची उपासना शाळेच्या हॉलमदी होते, हॉल भाड्याचा. येईल त्याला सलाम करायचा, हातात गीताचं पुस्तक द्यायचं, बसायला जागा दाखवायची. मला वाचता येत नाय, म्हनून हे काम दिलं. पाळकसाहेब म्हनले, "आजी, तुमी नुसतं हसून आत घ्या. कोनाला परत पाठवायचं नाय." हसायला मला जमत नाय, पन परत कोनाला पाठवलं नव्हतं.

माझा नवरा महाप्याला कंपनीत होता. तो गेला तेव्हा इथं माझं कोन नव्हतं. नगरकडचे भाऊबंद दोन दिवसांनी आले. खांदा मंडळीनं दिला. कुठल्या कुठल्या बाया डबा घेऊन यायच्या, मी खाईपर्यंत समोर बसून राहायच्या. ते मी विसरले नाय. निदान मला वाटायचं, विसरले नाय.

मंग मी वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला लागले. सडका बाजूला, चांगला गोनीत. माझ्या शेजारी एक बाई बसायची, माझ्या लेकीच्या वयाची. तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता, अर्धं अंग गेलेलं. सकाळी त्याला पुसून, भरवून, दाराला कडी लावून ती यायची. एक दिवस म्हनली, "मावशी, तुमच्या देवाकडं आजारी मानूस बरा होतो म्हनतात. मी आले तर चालंल का? आमी तुमच्यातले नाय."

"चालतंय की. सगळ्यांना ये म्हनतात तिथं."

"काय आनू? नारळ, फुलं?"

"काय नको. नुसती ये. आन लाजायचं नाय, सगळ्यांना सारखंच असतंय."

हे मीच बोलले.

ती आली त्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्यात भाकरीचे बारीक तुकडे करून ताटात फिरवतात, सोबत द्राक्षाचा रस. बाप्तिस्मा झालेल्यानंच घ्यायचं आन जागेवरच खायचं, असा नियम. हे मी तिला सांगायला विसरले. तीस वर्सं मी घेतेय, नियम हाये हे पन माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ताट आमच्या रांगेत आलं. तिनं डाव्या हातावर उजवा ठेवला, तुकडा घेतला, कपाळाला लावला, आन पदराच्या टोकाला बांधला. गाठ मारून कमरेला खोचला. प्रसाद घरी न्यायचा तर असाच नेतात ना. तिचं काय चुकलं?

पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळून बघत होती. ती म्हनली, "अगं बया, बांधलं तिनं! घरी न्यायला निघाली!" दुसरी म्हनली, "काय करनार हाये नेऊन? उतारा-बितारा?" मंग सगळ्यांच्या माना वळल्या. पाळकसाहेब पुढं डोळे मिटून प्रार्थना करत होते, त्यांना काय पत्ता नाय. एकीनं मला कोपर मारलं. "आजी, तुमीच आनलीय ना? घ्या ते काढून."

माझं तोंड भाजल्यासारखं झालं. मी तिला म्हनले, "सोड ते."

"मावशी, त्यांना उठता येत नाय. त्यांच्यासाठी घेतलं."

"आमच्यात चालत नाय तसं. सोड."

तिच्या बोटांना गाठ सुटंना. मंग तिनं पदरच माझ्यापुढं धरला. मी सोडली गाठ. तुकडा माझ्या हातात आला. ताटात परत ठेवता येत नाय, खाली टाकता येत नाय. मी तो तोंडात घातला. ती बघत होती.

उपासना झाल्यावर त्या दिवशी जेवन होतं. मी भात वाढत होते. दोनदा हॉलभर नजर फिरवली, ती गेलेली.

सोमवारपासून ती दुसऱ्या गाळ्यावर बसायला लागली. लांबून दिसायची. मी जाऊन बोलायला पाहिजे होतं. उद्या बोलू, असं करत पंधरा-वीस दिवस गेले. पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हनले, "आजी, मला हाक मारायची होती ना. मी घरी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना केली असती. चला, या आठवड्यात दोघं जाऊ." त्या आठवड्यात ते बाहेरगावी गेले.

ती मार्केटात दिसंना, तेव्हा मी एकटीच तिच्या घरी गेले, तुर्भ्याला. खोलीत खाट रिकामी होती. भिंतीला टेकवून उभी केलेली. नवरा जाऊन आठ दिवस झाले होते.

"कोन आलं होतं?" मी विचारलं.

"शेजारचे चौघं. तेवढे लागतात ना."

तिनं मला पाट दिला, पानी दिलं, स्टोव्हवर चहा ठेवला. मी नको म्हनले तर म्हनली, "बसा मावशी, एवढ्या लांब आलात." दूध नव्हतं. माझ्या चहात तिनं साखर जास्त घातली.

चहा पिताना तीच बोलली. "त्या दिवशी त्यांनी विचारलं, काय आनलंस देवाकडून? मी म्हनले, आज गर्दी लई होती, माझ्यापर्यंत पुरलं नाय. ते म्हनले, बरं, पुढच्या रविवारी." मंग ती चूळ भरायला मोरीवर गेली. बराच वेळ पानी ओतत होती.

मी म्हनले, "चुकलं माझं. येशील का परत? मी दारातच असते."

"नाय मावशी. तुमच्यावर राग नाय. आता कोनासाठी येऊ?"

"तुझ्यासाठी ये."

तिनं माझा कप उचलून विसळला.

माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत होतं. बसस्टॉपपर्यंत ती सोबत आली. बेलापूर रोडला गाड्या थांबत नाय, तिथं तिनं माझा हात धरून मला पलीकडं नेलं. बस आल्यावर कंडक्टरला ओरडली, "ओ, म्हातारी मानूस हाये, बसू द्या आधी, मंग बेल मारा." मी बसले. ती रस्ता ओलांडून निघून गेली.