वळणावर न दिलेलं उत्तर

आमच्या नायारितच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या उद्यानात क्रिसांतोनं तीस वर्षं होडी चालवली. मगर दिसली नाही तर पाहुण्यांआधी त्याचंच तोंड पडायचं.

खाडी एके ठिकाणी इतकी अरुंद वळते की समोरचं काही दिसत नाही. तिथं आम्ही होडीवाले शीळ घालतो. पलीकडून शीळ आली तर थांबायचं, नाही आली तर वाट मोकळी समजून होडी दामटायची. प्रत्येकाची शीळ वेगळी.

त्या सकाळी क्रिसांतोचं आणि त्याच्या मुलाचं, उरिएलचं, धक्क्यावर वाजलं. पोरानं बापाचा नंबर डावलून पाहुणे घेतले होते.

"बापाच्या पुढे पळतोस? तोंड दाखवू नकोस मला!"

"नाही दाखवत, जा!"

मी मेला हसत होतो. दोघांचं हे रोजचंच होतं.

तासाभरानं त्या वळणावर बापलेकांच्या होड्या धडकल्या. पाहुणे वाचले, उरिएल गेला. वाऱ्यात शीळ ऐकू आली नसेल, असं गाव म्हणालं. क्रिसांतो काहीच बोलला नाही. होडी विकून तो फाटकावर तिकिटं फाडायला बसला.

परवा उरिएलची बायको यारेली आली, तीन वर्षांत पहिल्यांदा. "ती जागा दाखवा मला, बाबा." मी दोघांना नेलं. वळणावर इंजिन बंद केलं. तिनं घरून आणलेला, मक्याच्या पानात वाफवलेला कोळंबीचा तमाल सोलून क्रिसांतोपुढे धरला.

"खा. किती वाळलात! तुमचा काय दोष होता त्यात?"

क्रिसांतोनं तो घेतला नाही. "मी ऐकली होती त्याची शीळ, पोरी."

"मग?"

"राग होता डोक्यात. उत्तर दिलं नाही. होडी कडेला लावली आणि तोंड फिरवून बसलो. उत्तर नाही आलं की वाट मोकळी, हे मीच शिकवलं होतं त्याला."

मला तिथंच पाण्यात उडी टाकावीशी वाटली. यारेलीनं तमाल परत पानात गुंडाळला.

"म्हणजे त्याला वाटलं, पलीकडे कुणीच नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, परत चला."

धक्क्याला लागल्यावर क्रिसांतो आधी उतरला आणि तिला आधार द्यायला त्यानं हात पुढे केला. ती माझा हात धरून उतरली.