मावशींच्या नवसाचा मलिदा

लेकीला डेंग्यू झाला आणि पाचव्या दिवशीही डॉक्टर म्हणाले, पेशी उतरतायत. त्या दिवशी नमाजानंतर मला दुआच सुचेना. जन्मभर मागत आलेली बाई मी, पण अल्लाहवर रुसले होते. खोटं कशाला बोलू, भांडलेच.

माझ्या वाटचं मागितलं ते शेजारच्या मावशींनी. मावशी ज्यू, मूळच्या कोकणातल्या. रेल्वेत नोकरी केली आणि दौंडातच राहिल्या. मुलं परदेशी गेली, आता गावात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी नाही. पोर घरी आली की एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करीन, असा नवस त्या बोलल्या. गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट आणि सोबत पाच फळं. दुसऱ्या दिवसापासून पेशी चढू लागल्या. सलाईननंही चढल्या असतील, त्यावरून मी कुणाशी वाद घालणार नाही.

वाद निघाला तो मलिद्यावरून. एकट्यानं खाऊन हा नवस फिटत नाही, चार माणसांत वाटावा लागतो. लेक घरी आल्यावर मावशींनी बोलावलं, तर दीर दारात आडवा उभा.

"भाभी, त्या घरचं खायचं न्हाई. तिकडं लढाईत आपली लेकरं मरत्यात, मोबाईलवर बघता ना?"

"बघते. रडतेबी. मावशीबी बातम्या बघून डोळं पुसत्यात. त्यांनी काय केलंय? आपल्यासारख्याच टँकरला हंडा घिऊन उभ्या ऱ्हात्यात. आन् त्यांचा एलियाहू म्हंजे आपले इल्यास पैगंबर, कुराणात न्हाईत व्हय?"

सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. अब्बा, म्हणजे सासरेच, खाटेवर तसबीचे मणी ओढत बसले होते. मी लेकीचा हात धरला आणि दिराच्या बाजूनं वाट काढत उंबरा ओलांडला.

मावशींनी दहा माणसांची सतरंजी अंथरली होती आणि आम्ही दोघीच गेलो. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "तिघींत कसला वाटायचा गं?" म्हणाल्या. मी लेकीला सतरंजीवर बसवलं.

तेवढ्यात कडी वाजली. दवाखान्यातली सिस्टर होती, केडगावची ख्रिस्ती बाई. ड्यूटी संपवून गाडीला निघाली होती, लेकीची राहिलेली ओढणी द्यायला वाट वाकडी करून आली. आमच्या घरी विचारून इकडं आली होती. कशाचा मलिदा ते ऐकलं आणि चप्पल काढून बसलीच.

"एलीया व्हय? त्याला तर कावळ्यांनी भाकर आणून जगवलं, आमच्या शास्त्रात हाय. द्या मला. गाडी गेली तर दुसरी हाय."

मावशींनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. सिस्टर आमेन म्हणाली, मी आमीन म्हटलं. घास तोंडाशी नेला तर दारात अब्बा, काठी टेकून उभे.

"बाई, नात माझी हाय. तिच्या नवसाचा घास मला न्हाई व्हय?"

मावशींना रडू आवरेना. त्यांनी अब्बांच्या ओंजळीत इतका मलिदा घातला की तो खाली सांडला. मीही रडले, आणि बऱ्याच दिवसांनी मनातल्या मनात अल्लाहशी बोलले.

दीर आला नाही, अजूनही येत नाही. त्याचा राग मी समजू शकते, पण ऐकणार नाही. दुआ कुणाच्या तोंडची कबूल झाली ते अल्लाहलाच ठाऊक. मी विचारत नाही, शुक्र मानते. अल्लाहनं कुठल्या दारानं यावं हे मी ठरवायचं नाही, एवढं मला कळलं. पण ज्या दारानं तो माझ्याकडे आला, ते दार लावून घ्यायला मला कुणी सांगू नये.