भट्टीचं झाकण

शिरोली एमआयडीसीत पप्पांची फाउंड्री आहे. तिथली बहुतेक वीज लोखंड वितळवणारी भट्टी खाते. कॉलेज संपल्यावर घरी बसून मी एक सरकारी वेबसाइट वाचायचे. एक टन लोखंड वितळवायला फाउंड्र्यांना सरासरी किती युनिट लागतात, हे तिथं कुणालाही बघता येतं. आमचा आकडा मी बिलांवरून काढला. तो इतका वर होता, की माझंच गणित चुकलंय असं आधी वाटलं.

पप्पांनी ‘उद्यापासून कारखान्यात ये’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तोंडानं मागवेना, म्हणून मी आलेख काढला, खाली इंग्रजीत मुद्दे लिहिले आणि त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी तो बघितल्याची खूण आली. जेवताना मात्र ते फुटबॉलच्या मॅचवर बोलले.

वहिनी गडहिंग्लजची, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती सासूला ‘आत्या’ म्हणते आणि सासऱ्यांना ‘मामा’ अशी हाक मारते, ती गेटपर्यंत ऐकू जाते. तिनं माझ्या लॅपटॉपवर तो आलेख बघून विचारलं, “वन्सं, ही लाल रेघ आपली व्हय?” मी सगळं समजावलं. कुणीतरी विचारलं, याचं तेव्हा बरंच वाटलं होतं.

खंडेनवमीला घरातल्या बायका यंत्रांच्या पूजेला कारखान्यात जातात. भट्टी बंद होती. कोपऱ्यात पडलेल्या एका जाड लोखंडी तबकडीवर कामगारांनी फुलांची पाटी ठेवली होती.

“मामा, हे काय हाय?”

“भट्टीचं झाकण.”

“मग हितं का?”

“माल टाकताना सारखं उघडझाक करायला लागतंय. पोरं कटाळत्यात.”

“म्हणून सरकारच्या आकड्यांत आपण मागं हाय की! मी बिनझाकणाची डाळ शिजवली तर आत्या मला गडहिंग्लजच्या एसटीत बसवतील.”

सगळे हसले. आईसुद्धा. “कसला आकडा?” पप्पांनी विचारलं. वहिनीनं माझे मुद्दे सांगितले, आणि वर म्हणाली, “वन्संनी काढलंय हे सगळं.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. “व्हय?” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “पुढं सांग.”

तिनं माझं नाव घेतलं नसतं, तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

झाकण भट्टीवर गेलं. वहिनी पप्पांबरोबर कारखान्यात जाऊ लागली. मी घरी बिलं बघून आलेख पुढे काढत राहिले. आमची रेघ सरासरीकडे उतरत होती. ती पुन्हा चढावी, असं मला प्रत्येक बिल उघडताना वाटायचं.

परवा वहिनी घरीच होती. तिचे हात पिठात असताना तिचा फोन वाजला. मी तो स्पीकरवर लावला. पलीकडे पप्पा. सरकारचे नवे आकडे आलेत का, विचारत होते.

“वन्सं सांगतील, मामा,” ती ओरडली आणि कोपरानं फोन माझ्याकडे ढकलला.

मी सांगितलं. आमचा आकडा आता कुठं आहे, तेही सांगितलं.

“बरं. दे तिच्याकडं.”

मी फोन दिला नाही. “पप्पा, उद्यापासून मी येते कारखान्यात.”

मागं यंत्रांची घरघर होती. “कोण येतंय?” ते ओरडले.

मला ते पुन्हा, मोठ्यांदा सांगावं लागलं. वहिनी शेजारीच कणीक मळत होती.