वॉरंटी पंपाची

ऐन जानेवारीत आमच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या घरातलं हीटिंग बंद पडलं. वॉरंटी कंपनीने तपासणीला एक उंच, शांत गृहस्थ पाठवले. त्यांनी बूट काढून नीट जोडीने ठेवले, हीट पंपाला कान लावला आणि समाधानाने मान डोलावली.

"पंप उत्तम आहे. बिघाड व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि व्हॉल्व्ह वॉरंटीत येत नाही."

"पण घर गारठलंय!" मी वैतागून म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. वॉरंटी पंपाची आहे, उबेची नाही."

जर्मन न कळणाऱ्या सासूबाईंनी शाल सावरत त्यांच्यापुढे चहा ठेवला. कप दोन्ही हातांत घट्ट धरून ते म्हणाले, "फार थंडी आहे हो तुमच्याकडे."

चिडायचं तरी कोणावर? बिचारे स्वतःच कुडकुडत होते. हसू आवरत मी पुन्हा आधण ठेवलं.